‘ब्रॉनवेन’चे इंजिन

"इंजिनात बिघाड. दुरुस्ती चालू आहे."

मागे पडलेल्या ‘ब्रॉनवेन’ जहाजावरचा सिग्नलचा दिवा लुकलुकायचा थांबला आणि सिग्नलवाल्या टफनेलने निरोप वाचून दाखवला. वाचायची तशी गरज नव्हती. सात दिवसांत चौथ्यांदा हाच निरोप आला होता.

कॅप्टन क्रॉथरने हातातल्या कोकोकडे पाहिले. वर साय धरली होती. त्याने ती बोटाने बाजूला केली आणि थंड कोको औषधासारखा पिऊन टाकला. पाच दिवस त्याने पायातले बूट काढले नव्हते.

अडतीस मालवाहू जहाजांचा ताफा लिव्हरपूलकडे चालला होता. क्रॉथरची छोटी युद्धनौका सर्वांत मागे. मागे रेंगाळणाऱ्यांना हाकत आणायचे, हे तिचे काम. आणि रेंगाळायची ती एकटी ‘ब्रॉनवेन’. कार्डिफचे जुनाट, धुरकट जहाज. रात्री पाणबुड्यांचा हल्ला झाला, की सकाळी ही दहा मैल मागे. मग दुपारपर्यंत धापा टाकत रांगेत येऊन उभी.

"दिवसा ठणठणीत, रात्री आजारी," टफनेल म्हणाला. "तिच्या म्हाताऱ्या कॅप्टनची टरकते, सर. धडाडधूम सुरू झालं की हळूच मागे सरकतो. तुमच्या शाळेत असतील असली पोरं."

"होती ना. परीक्षेच्या दिवशी बरोब्बर पोट दुखायचं त्यांचं." युद्धाआधी क्रॉथर लीड्सच्या एका शाळेत लॅटिन शिकवत असे. आता त्याला त्या मुलांची नावेही आठवत नव्हती.

मागे पडेल त्याच्यासाठी थांबायचे नाही, हा ताफ्याचा नियम. पाण्यात माणसे असली तरी नाही. थांबलेले जहाज म्हणजे पाणबुडीपुढे वाढलेले ताट. क्रॉथरने नियम पाळला होता. तिसऱ्या रात्री तो एका बुडालेल्या जहाजाच्या माणसांमधून गेला होता. त्यांच्या लाइफ जॅकेटवरचे बारके लाल दिवे लाटांवर वरखाली होत होते. कोणी शिट्ट्या मारत होते, तर एकजण क्रॉथरच्या आईचा उद्धार करत होता. पाणबुडी जवळच होती. क्रॉथरने वेग कमी केला नाही. त्याचे काही चुकले नव्हते. झोप मात्र तेव्हापासून उडाली होती.

सकाळी साडेआठला ताफ्याच्या प्रमुखाचा हुकूम आला. ‘दुपारी बाराच्या आत जागेवर ये. ब्रॉनवेनला सोड. खलाशी हवे तर उचल.’

सुटलो, असे क्रॉथरला वाटले. मग त्या वाटण्याची त्याला लाज वाटली. इथे एकटे सोडलेले जहाज संध्याकाळ पाहणार नाही, हे त्याला ठाऊक होते. पण निदान या वेळी माणसे तरी उचलता येणार होती. त्याने नौका ‘ब्रॉनवेन’च्या अगदी जवळ नेली आणि कर्णा तोंडाला लावला.

"कॅप्टन प्रॉसर! जहाज सोडायचा हुकूम आहे. तुमचे एकतीस जण डेकवर आणा. होड्या पाठवतो."

समोरच्या जहाजावर काळी गोल हॅट घातलेला एक म्हातारा पुढे आला. हॅट सुताने हनुवटीखाली बांधली होती.

"सोडायचं कशाला? झालं की इंजिन दुरुस्त!"

"रोज सकाळी दुरुस्त होतं आणि रात्री बिघडतं! पुरे झालं आता. दहा मिनिटं थांबतो, त्यावर एक मिनिटही नाही. एकतीस माणसं, चला!"

प्रॉसरने सुताची गाठ सोडली, हॅट काढली आणि टक्कल खाजवले.

"एकतीस नाहीत हो. पंच्याण्णव आहेत."

त्याने मागे वळून हात केला. कोठाराची झाकणे सरकली आणि माणसे वर येऊ लागली. कोणी घोंगड्या गुंडाळलेली, कोणी कोळशाची पोती पांघरलेली. एकाच्या अंगात कोणाचा तरी लग्नातला कोट होता. तेलाने काळवंडलेले चेहरे. काहींच्या गळ्यात अजून लाइफ जॅकेटे होती. चार रात्रींत बुडालेल्या चार जहाजांची माणसे. त्यातल्या एकाने क्रॉथरच्या नौकेवरचा नंबर नीट वाचला आणि समुद्रात थुंकला.

"तुम्ही... तुम्ही यांच्यासाठी थांबत होता?" क्रॉथरने विचारले. "मग कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर तुम्ही मनाई केली असती."

क्रॉथरने मनाईच केली असती. नियमाचा क्रमांक सांगून केली असती.

"सर, होड्या सोडू?" टफनेलने हळूच विचारले. "सगळे नाही मावायचे आपल्याकडे. बारापर्यंत तर नाहीच."

क्रॉथरने पुन्हा कर्णा उचलला. आता त्याला ओरडवत नव्हते.

"कॅप्टन, ताफा नऊ नॉट वेगाने चाललाय. त्याला गाठलं तरच तुम्हाला सोबत नेता येईल. तेव्हा खरं सांगा, तुमचं इंजिन किती वेग देईल?"

प्रॉसरने हॅट डोक्यावर चढवली. मागच्या रिकाम्या समुद्रावरून त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश नजर फिरवली.

"पाण्यात कोणी राहिलं नसेल," तो म्हणाला, "तर अकरा."