लाल ठिपका

बोर्ड दुरुस्त करायला आलेल्या नंदकुमारने लॅपटॉप केळीच्या रिकाम्या क्रेटवर ठेवला, तशी अलका जवळ येऊन उभी राहिली. शाहपुरातल्या तिच्या केळी पिकवायच्या खोलीचा थंडावा सांभाळणारा बोर्ड चुडामणने, तिच्या नवऱ्याने, स्वतः जोडला होता. चुडामण वारला आणि काही दिवसांनी बोर्डही मधूनच संप पुकारू लागला. नवा बसव, असं सांगून सगळे थकले. अलका ऐकेल तर शपथ.

खोलीचं दार उघडं राहिलं की त्या बोर्डाच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरांत उमटायचं, ‘अलका, दार लाव.’ वेंधळ्या बायकोसाठी चुडामणने ते चिपमधल्या प्रोग्राममध्ये घालून ठेवलं होतं. त्याचं एवढंच बोलणं आता उरलं होतं, आणि त्याची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

"नंदूभाऊ, ते पुसलं तर नाही ना जाणार?"

"टेन्शन नका घेऊ वहिनी. पहिले कॉपी काढून घेतो, मग बाकी काम."

नंदकुमार आणि चुडामण बऱ्हाणपुरात एकाच दुकानात हे काम शिकलेले. चिप वाचायच्या यंत्राला, प्रोग्रामरला, चपटी केबल असते. तिची लाल कड बोर्डाच्या पहिल्या पिनकडे यायला हवी; उलटी बसली तर चिप जळते. ती पिन चुकू नये म्हणून चुडामण तिच्याशेजारी लाल ठिपका द्यायचा. नंदकुमारला ठिपका दिसला. मित्राची आठवण येऊन तो जरासा हसला, केबल बसवली आणि बटण दाबलं.

चिप सापडत नाही, असं लॅपटॉपवर आलं. पाठोपाठ जळका वास. नंदकुमारने केबल ओढून काढली, चिपला बोट लावलं आणि चटका बसून मागे घेतलं.

मग त्याने तो ठिपका नखाने खरवडला. तो भुकटी होऊन नखावर आला. पिनांच्या दुसऱ्या टोकाला, वाळलेल्या हळदीखाली, चुडामणने दिलेला नेलपॉलिशचा ठिपका होता.

"वहिनी, इथे कुंकू कुणी लावलं?"

दसऱ्याला घरातली सगळी यंत्रं पुजायची रीत. स्वतःच्या कपाळाला लावायचं बंद झाल्यापासून अलका या बोर्डाचं झाकण उघडून त्याला मात्र आठवणीने लावत आली होती.

"मीच," ती म्हणाली.

नंदकुमार खाली मान घालून केबल गुंडाळत राहिला. खोलीचं दार सताड उघडं होतं. अलका काळ्या पडद्याकडे बघत तशीच उभी राहिली.