बाळ उभ्यानं घ्यायचं नाही

“बाबा, एकदम हात सोडू नका. आधी एक बोट, मग दुसरं,” लेक म्हणाली.

रंगाऱ्यानं ओट्याची कड धरली होती. उजवा पाय उचललेला, सगळा भार डाव्यावर. खाली फरशी आहे हे त्याला डोळ्यांनी कळत होतं, तळव्यांना त्याचा पत्ता नव्हता. साखरेच्या आजारानं पायांतली जाणीव चाटूनपुसून नेली होती. उभं आयुष्य शिडीवर काढलेला हा माणूस. पायरी कुठं संपते हे त्याचा तळवा अंधारातही सांगायचा. तोच आता घरातल्या घरात कापसावरून चालल्यासारखा चालायचा.

गेल्या थंडीत तो न्हाणीघराच्या दारात आडवा झाला. हाड शाबूत राहिलं, पण लेकीनं फर्मान काढलं, “बाबा, यापुढं बाळ उभ्यानं घ्यायचं नाही. बसूनच घ्या.”

बाळ म्हणजे त्याची नात. मोठी खट्याळ. बसलेल्या माणसाकडं ती राहायचीच नाही. खांद्यावर टाकून खिडकीशी उभं राहिलं की स्वारी खूश. आजोबांच्या मांडीवर ठेवली की भोकाड पसरायची आणि लेक लगेच म्हणायची, “आईकडं द्या. आईचे पाय खंबीर आहेत.” तो बाळ बायकोकडं देऊन टाकायचा. आतून मात्र त्याच्या काळजाचा लचका तुटायचा.

मग तो इरेला पेटला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेलं एकही चुकवीना. ओटा धरून टाचा उचलायच्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं. भिंतीवर रेघ मारायच्या सुतानं त्यानं फरशीवर सरळ रेघ आखली आणि टाचेला चवडा भिडवत तिच्यावरून चालू लागला.

बायको तोंडाला पदर लावून हसायची. “अहो, म्हातारपणी दोरीवरचे खेळ करायचेत का? टोपी फिरवू का गल्लीत?”

“फिरव की. पण आधी टाळ्या तरी वाजव.”

हीच थट्टेखोर बाई रोज संध्याकाळी त्याचे पाय मांडीवर घेऊन बसायची. बोटांच्या बेचक्यांत बघायची, तळव्यांवरून हात फिरवायची. काही खुपलं-बोचलं तर त्याला कळणार नव्हतं, म्हणून ते तिनं कळून घ्यायचं. देवाची मूर्ती पुसावी तशा निगुतीनं. तो संकोचून पाय मागं ओढायचा.

“अगं, साखर तुलाही निघालीय ना? दाखव बघू तुझे पाय.”

“तुमची पोतंभर, माझी चिमूटभर! आणि मला कुठाय वेळ पाय पसरून बसायला?”

घरातसुद्धा त्याच्या पायांत बूट, ती मात्र अनवाणी. अलीकडं ती भिंतीला हात लावत चालायची. विचारलं तर म्हणायची, “तुमचा रंग पक्का आहे का बघतेय.”

आज लेकीनं कबूल केलं होतं. हात सोडून एका पायावर उभं राहून दाखवा, मग बाळ उभ्यानं घ्या. बाळाला झोपवायला आजी आतल्या खोलीत गेली होती.

रंगाऱ्यानं एक बोट उचललं. मग दुसरं. मनात देवाचं नाव चालूच होतं. शेवटी अख्खा पंजा सुटला. हात वर जाता जाता ओट्यावरच्या काचेच्या पेल्याला लागला आणि पेला खळ्ळकन फरशीवर फुटला. लेक किंचाळून पुढं धावली.

तो हलला नाही. एका पायावर, हात मोकळे, खांबासारखा उभा.

“पेला पडला गं,” तो म्हणाला, “तुझा बाप नाही पडला.”

लेकीला हसू आलं आणि रडूही. “टेका आता पाय. जागचे हलू नका, मी केरसुणी आणते.”

तेवढ्यात आतलं दार उघडलं. बाळाला छातीशी धरून बायको तरातरा बाहेर आली. “काय फोडलंत? डोळा लागत होता हो पोरीचा!” समोर बाळ, त्यामुळं खालचं काही दिसेना. नजर नवऱ्यावर रोखलेली.

“अगं, थांब! काच आहे!”

तोवर तिचं पाऊल पडलं होतं. कर्र असा आवाज त्यानं ऐकला. मागोमाग दुसरं पाऊल, पुन्हा तोच आवाज. तिचा चेहरा जराही वाकडा झाला नाही. ती तशीच चार पावलं पुढं आली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

“कुठाय काच? आणि हे काय, हात सोडून उभे? जमलं की हो तुम्हाला!”

त्यानं तिच्या मागं पाहिलं. पांढऱ्या फरशीवर लाल ठसे उमटले होते. आयुष्यभर रंगात हात बुडवलेल्या त्या माणसाला क्षणभर वाटलं, कुणीतरी डबा सांडलाय. मग त्याला दिसलं की ठसे तिच्या पावलांशी येऊन थांबलेत आणि तिथं थारोळं वाढतंय.

“अहो, असे भूत दिसल्यासारखे काय बघताय माझ्याकडं?” ती अजून हसतच होती.

केरसुणी घेऊन आलेल्या लेकीनं ती तिथंच टाकली. तिनं आईच्या पावलांकडं पाहिलं. मग आईच्या छातीशी बिलगलेल्या बाळाकडं. पुढं होऊन तिनं बाळ जवळजवळ हिसकावूनच घेतलं आणि उभ्या असलेल्या बापाच्या हातांत दिलं.

“बाबा, बाळाला तुम्ही धरा,” ती कशीबशी म्हणाली, “मी आईला धरते.”