उसनं मांजर

"एका दिवसापुरतं मांजर द्या हो ताई," युपिन होडीतूनच ओरडली. "उद्या भाचीचं लग्न. रीतीप्रमाणे नवरानवरीच्या शेजेवर ठेवायला अख्ख्या अम्फवात धड मांजर मिळेना!"

लमियतनं मान वर केली नाही. घाटाच्या पायरीवर बसून ती झावळीचा चेंडू फेकत होती आणि तिची मांजरी मुक तो तोंडात धरून परत आणत होती. काळं तोंड, काळी शेपटी, निळे डोळे, अस्सल सयामी. खेळाला कंटाळायची नाही आणि घटकाभर गप्पही बसायची नाही. घरात दुसरा आवाज तरी कुठला होता म्हणा.

"मिळायचं नाही," लमियत म्हणाली. "परक्याकडे जेवत नाही ती. तान्ह्या पोरासारखी रडते."

"असं काय करता? भोपळा, तांदूळ, वरवंटा, सगळं शेजेवर मांडायला तयार आहे. मांजराशिवाय जोडपं घर धरून राहायचं कसं?"

"नवरामुलगा कुठला?"

"मेकलाँगचा. अनान. शाळेत मास्तर आहे. त्याच्याकडचं कुणीच येणार नाही, सगळं आमच्याच गळ्यात!"

लमियतनं चेंडू फेकला. मुकनं आणून दिला. या खेपेला तिनं तो बराच वेळ हातातच धरला.

"ने," ती म्हणाली. "रडली तर हा फेक. भातात काटे राहू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी सवयीनं तिनं मासळीचा भात कालवला आणि तो तसाच राहिला. घर खायला उठलं. तिला रडू आलं, मग रडल्याचा रागही आला.

उन्हं कलताना युपिन आली, ती रिकाम्या हातानं.

"रागावू नका ताई. दोन तास नुसता आकांत मांडला होता हो! मग नवऱ्यामुलानं चेंडू फेकला, आणि असं चिकटलंय त्याला! मांडीवरून उठेना. भाची म्हणते, देऊच नका परत. पण उद्या ओढून आणते मी."

"राहू दे तिला तिथंच."

"अहो, एकट्या काय कराल तुम्ही?"

लमियतनं मुकची थाळी धुऊन युपिनच्या हातात दिली.

"रोज संध्याकाळी खेळायला लागतं तिला. आणि हे बघ, कुठून आणली ते अनानला सांगू नकोस. आपल्या आईकडची म्हणून कळलं, तर आजच परत धाडील."