एक्याऐंशीवा माणूस

राणीसावरगावच्या फाट्यावर मुकादम बन्सीधर ट्रॉलीच्या फळीवर चढून कोयते मोजायला लागला. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. सूर्यभानपाशी येऊन तो थांबला. मग त्यानं खाली उभ्या असलेल्या सरजाबाईकडे पाहिलं. तिचा नवरा मागेच वारला होता.

"दोन अर्धे हायेत," तो म्हणाला. "त्यानं तोडायचं, हिनं मोळ्या बांधायच्या. झाला एक कोयता."

मागून कुणीतरी म्हणालं, आता मुकादमानंच अक्षता वाटाव्यात. दोघंतिघं हसले. सूर्यभानची लेक राजेश्री तिथंच उभी आहे हे ध्यानात आल्यावर गप्प झाले.

ती परभणीहून बापाला न्यायला आली होती. आई, छबूबाई, श्रावणात काविळीनं गेली. तेव्हापासून घरातली चूल पेटली नव्हती. बाप शेजारच्या भाकरीवर होता. पण सूर्यभान यायला तयार नव्हता. तुझ्या खोलीत बसून नुसता पंखा बघत राहीन, असं त्यानं सकाळीच सांगितलं होतं. तोडीवर निदान दमून झोप लागते. आताही तो ट्रॉलीत बसून तिच्याकडे न बघता कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळत होता.

सरजाबाई चढली नाही. डोक्यावरचं बोचकं तसंच ठेवून ती राजेश्रीसमोर आली.

"तुझ्या आईची जागा हाय ती. तू म्हणशील तरच बसते. न्हाई म्हणलीस तर घरी जाते. राग न्हाई."

राजेश्रीला नाहीच म्हणायचं होतं. ट्रॉलीतली सगळी माणसं तिच्याकडे बघत होती.

"ती फौजेची गोष्ट तूच सांगितली होतीस न्हवं छबूला?" सरजाबाईनं विचारलं.

राजेश्रीनं मान हलवली. गेल्या हंगामात तिनं ती वाचली आणि आईला फोनवर सांगितली. युरोपातल्या एका चिमुकल्या देशाचे ऐंशी शिपाई लढाईवर गेले. त्यांना डोंगरातल्या घाटावर पहाऱ्याला बसवलं. तिकडे शत्रू फिरकलाच नाही. सगळे धडधाकट घरी परतले, तेव्हा मोजले तर एक्याऐंशी भरले. वाटेत एकाशी दोस्ती झाली होती, तो सोबतच आला. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. लय गुणाची फौज, म्हणाली. मग तोडीच्या तळावरच्या प्रत्येक कोपीत, झोपडीझोपडीत जाऊन तिनं ती गोष्ट सांगितली.

"तुला एक इचारीन म्हणायची. राहूनच गेलं तिचं," सरजाबाई म्हणाली. "त्या एक्याऐंशीव्याला परक्या घरात करमलं का?"

राजेश्रीनं पुष्कळ वाचलं होतं. हे कुणी लिहून ठेवलेलं तिला आठवेना.

"ठाऊक नाही, मावशी," ती म्हणाली. तिनं सरजाबाईच्या डोक्यावरचं बोचकं उतरवलं आणि वर बापाच्या हातात दिलं.

सरजाबाई चढली. सूर्यभान एका अंगाला सरकला, ती दुसऱ्या अंगाच्या फळीला टेकली. ट्रॉली गच्च भरली होती, पोरं आयांच्या मांडीवर, आया बोचक्यांवर. ट्रॅक्टर हलला, खड्ड्यात आदळला, सगळे एकमेकांवर कलंडले. त्या दोघांच्या मधे एका माणसाची जागा होती. तिथं कुणी सरकलं नाही.