धाकट्याचा माइक

"पार बंद करायचा?" साउंडवाल्या बाईंनी विचारलं.

"पार. तिसऱ्या गाण्यापासून," थोरला म्हणाला. "आणि त्याला कळता कामा नये."

बोलता बोलता त्याने मागे बघितलं. स्टेजवर त्याचा धाकटा भाऊ गुडघ्यांवर बसून कीबोर्डच्या वायरी जोडत होता. थोरल्याला स्वतःचीच लाज वाटली.

नेहमीचे साउंडवाले काका तापाने आडवे झाले होते, म्हणून हे जमत होतं. काकांना असलं सांगायची त्याची छाती झाली नसती.

"पण काका फोनवर म्हणाले, काल सगळं लावून ठेवलंय, कशालाही हात लावू नका. धाकट्यांच्या माइकला तर मुळीच नाही."

"बाई, बँड माझा आहे."

"मग तुम्ही म्हणाल तसं."

खरं तर बँड दोघांनी मिळून काढला होता, घराच्या गॅरेजमध्ये, शेजाऱ्यांच्या शिव्या खात. दोघांचे आवाज इतके सारखे की फोनवर आईसुद्धा फसायची. पण लोकांसमोर आलं की धाकट्याची दातखीळ बसायची, म्हणून पुढे थोरला आणि मागे धाकटा असं ठरून गेलं.

दोन वर्षांपूर्वी थोरल्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. बोलायची बंदी होती तेव्हा धाकटा उशाशी ठाण मांडून बसला, दादाच्या वतीने नर्सशी भांडलासुद्धा. मग कार्यक्रम पुन्हा सुरू झाले. घशाला ताण नको म्हणून गाण्यांमधलं बोलणं ड्रमरकडे गेलं. लोक म्हणू लागले, आवाज आधीपेक्षा गोड झालाय. थोरल्याला मात्र गाताना स्वतःचा आवाज ऐकायला कानात घातलेल्या इअरपीसमध्ये तो खरखरीत लागायचा.

"कानातलं मनावर घेऊ नकोस," काका म्हणायचे. "बाहेर लोक जीव टाकतात."

आज कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग होतं. बँडचा पहिला लाइव्ह अल्बम. आणि धाकटा हल्ली साथीचे दोन सूर सोडून अख्खं गाणंच गायचा. थोरल्याला एकदा तरी एकट्याचा आवाज हवा होता. एवढंच कारण. ते इतकं क्षुद्र होतं की मनातल्या मनात म्हणतानाही तो ओशाळला.

पडदा उघडायच्या आधी धाकट्याने थर्मास पुढे केला. "दादा, कोमट पाणी. घोटभर घे."

"तूच पी. दिवसभर पितोस. गायच्या दोन ओळी आणि थाट बघा साहेबांचा!"

"सवय लागलीय रे," धाकटा हसला.

थोरल्याला त्याच्या नजरेला नजर देता येईना. आत्ताच सांगून टाकावं असं वाटलं. तेवढ्यात सभागृहातले दिवे मंद झाले.

पहिल्या दोन गाण्यांना लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. तिसरं गाणं नुसत्या गिटारवर सुरू व्हायचं. थोरल्याने डोळे मिटले आणि जीव ओतून गायला लागला.

डोळे उघडले तेव्हा पुढच्या रांगेतले लोक हात हलवत होते. त्याने एका कानातला इअरपीस काढला.

"आवाज! आवाज येत नाहीये!"

तो माइकला ओठ टेकवून आणखी जोरात गायला. सभागृहात फक्त गिटार वाजत होती. त्याने गाणं थांबवलं, तोंड मिटलं आणि सभागृहाच्या टोकाला बाईंच्या साउंड बोर्डाकडे बघितलं.

घाबरलेल्या बाईंनी धाकट्याचा माइक परत चालू केला, आणि ज्याच्यासाठी लोक तिकिटं काढून आले होते तो थोरल्याचा गोड आवाज सभागृहभर घुमू लागला.