उत्तरासाठी उघडे दार

उत्तर न आलेल्या मेलचे दार जुना सर्व्हर कधीच बंद करत नसे. नवा मात्र वर्षाहून जुन्या मेलचे दार बंद करणार होता, आणि मग उशिरा आलेले उत्तर दाराबाहेरच विरून जाणार होते.

"मृण्मयीताई, ते यान कधीचं मुकं झालंय. कुणासाठी जपायची ही जुनी खोड?" नवा सर्व्हर बसवणारा इनामदार वैतागला.

"आईसाठी. नव्यालाही ती जोड रे बाबा."

त्या यानातून दुसऱ्या ताऱ्याकडे निघालेल्या मृण्मयीच्या भावाला आईने लिहिले होते, 'पोहोचलास की कळव.'

त्या खोडीसह नवा सर्व्हर सुरू झाला. काही महिन्यांनी पडद्यावर एकच शब्द उजळला : 'पोहोचलो.'

मृण्मयीने तो पाठवल्याची तारीख पाहिली. तो शब्द निघाला तेव्हा आई हयात होती. ती गेल्यावरही तो ताऱ्यांमधून घराकडेच चालत राहिला होता.