नकाशातली पांदण

गोकुळला फोनमधल्या नकाशाचा भारी नाद. गावची विहीर, पिठाची गिरणी, जे नकाशात नसेल ते तो स्वतः टाकायचा. वावराला पक्क्या रस्त्याने जायचं तर पाच किलोमीटरचा वळसा पडे. म्हणून उन्हाळ्यात त्याने शेतांमधली कच्ची पांदण मोटारसायकलने फिरून मापली आणि नकाशात रस्ता म्हणून टाकली. आठ दिवसांत नकाशावाल्यांनी ती मंजूरही केली.

"सरकारले इतक्या वर्षांत जमलं नाही, ते तुमी बोटानंच करून टाकलं," बायको पुष्पांजली हसून म्हणाली. "आता डांबर कधी टाकता?"

भादव्यात बीटी कपाशीवर अळी पडली. फवारणीचं औषध कालवताना पुष्पांजली वावरातच चक्कर येऊन पडली. चिखलीहून निघालेली ॲम्ब्युलन्स पांदणीच्या काळ्या गाळात रुतून बसली.

"अबे, पक्का रस्ता सोडून इकडं काऊन घातली गाडी?" गोकुळचा भाऊ ड्रायव्हरवर धावून गेला.

"फोननं हाच जवळचा दाखवला, भाऊ."

गोकुळ ट्रॅक्टर आणायला धावला. ट्रॅक्टरने ओढत गाडी वावरात आणली, तोवर पुष्पांजली गेली होती.

तेरवी झाल्यावर त्याने नकाशावाल्यांना कळवलं, 'हा रस्ता नाही. काढून टाका.' दोन दिवसांनी फोनवर उत्तर आलं.



'आपली सूचना स्वीकारता येत नाही. याच महिन्यात एक वाहन या रस्त्याने इच्छित स्थळी पोहोचल्याची नोंद आहे.'